अक्षरी रुपये एक फक्त

कौतुकाने मुलं बिघडतात, या एका मुद्द्यावर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या शिक्षकांचं संपूर्ण एकमत होतं. एरवी शिक्षकांच्या खोलीत पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरही एकमत होत नसे. पण पोराला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तर ‘अक्षर सुधार’ म्हणायचं, अक्षर सुधारलं तर ‘शर्ट खोच’ म्हणायचं आणि शर्टही खोचलेला निघाला तर नुसतं ‘हं’ करून पुढच्या बाकाकडे वळायचं, ही पद्धत गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकसारखी होती. त्या ‘हं’वर पोरं आठवडा काढत. घरी जाऊन सांगत, “आज सर मला ‘हं’ म्हणाले.” घरचेही खूश होत.

या काटकसरीत सगळ्यांत पुढे होते ते खेळाचे सर. मुळात शाळेत खेळाच्या सरांची अवस्था चमत्कारिक. वेळापत्रकात त्यांच्या तासापुढे ‘शा. शि.’ अशी दोनच अक्षरं असत आणि प्रत्यक्षात तो तास गणिताच्या बाईंच्या मालकीचा असे. पोर्शन मागे पडला की बाई कवायतीला उभा केलेला वर्गच्या वर्ग मैदानावरून उचलून नेत आणि सर शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत बघत राहत. उलट, ‘आज प्रमेय राहू द्या, मी यांचा खो-खोचा डाव घेतो’ असं म्हणून सरांनी गणिताचा तास नेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मैदान नसलेल्या वेळात सर काय करत? तर गॅदरिंगचा मांडव, सहलीच्या एसटीचं बुकिंग, पंधरा ऑगस्टचं संचलन, वर्गात शिरलेलं कुत्रं आणि दहावी ‘ब’, या सगळ्या गोष्टी त्यांच्याकडे सोपवलेल्या असत. बाकी विषयांचे सर मराठीत बोलत, पण खेळाचे सर शिट्टी तोंडातून काढली की थेट ‘दहिने मूड’ करून हिंदीत शिरत. कवायत मराठीत केली तर मुलं वळणार नाहीत, अशी शिक्षण खात्याची समजूत असावी.

त्यांचं एक कपाट असे. त्यात लेझमांचा गुंता, रंग उडालेले डंबेल्स, हवा गेलेला फुटबॉल, तो फुगवायचा पंप आणि त्या पंपाची हरवलेली पिन. पिन दर जूनमध्ये मागवली जाई. आमच्या सरांचा खरा जीव होता फक्कीवर. घमेल्यात फक्की घेऊन, कमरेत वाकून ते खो-खोच्या मैदानाची रेघ मारायचे ती दोरी न लावता, नुसत्या नजरेने. मारून झाली की एका डोळ्याने तिच्याकडे बघायचे आणि एखादी वीतभर जागा पायाने पुसून पुन्हा मारायचे. मुख्याध्यापकांच्या सहीपेक्षा ती रेघ सरळ असे. आम्ही तालुक्याला पहिले आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, की खांबाशी वळताना तिघे घसरलेत, जाताना एसटीत बोलू. एसटीत त्यांना झोप लागली. तिघे मात्र घरापर्यंत जागे होते.

आता ही काटकसर परमोच्च पातळीवर नेली ती दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी. सर शारदाश्रम विद्यामंदिरच्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षक, शिवाय त्यांचा स्वतःचा कामत मेमोरियल क्रिकेट क्लब. जन्म १९३२ चा आणि मालवणचा. मालवणी माणूस कौतुक करायला निघाला तरी सुरुवात कुठून करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा कच्चा माल उत्तम होता. त्यात नोकरी स्टेट बँकेतली. म्हणजे तोंडातून गेलेला शब्द हा खात्यातून गेलेल्या पैशासारखा असतो, एकदा गेला की परत येत नाही, हा संस्कार वेगळा करायची गरज नव्हती.

खेळाडू म्हणून सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना किती? तर एक. १९६३-६४ च्या मोसमात मोईनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. मला तर वाटतं की त्यांच्या यशाचं निम्मं रहस्य इथंच आहे. मोठे खेळाडू प्रशिक्षक झाले की त्यांच्या दिवसातला निम्मा वेळ ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी खाल्ला जातो. त्यांनी कुणाला कुठे कसा चौकार मारला ते ऐकता ऐकता पोरांची मिसरुडं फुटतात. आचरेकर सरांना ‘आमच्या वेळी’ म्हणायला एकच सामना, तो सांगून संपणार किती वेळात? उरलेला सगळा वेळ त्यांना शिकवायला मिळाला.

त्यातून निघालं कोण? रामनाथ पारकर, बलविंदर संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, समीर दिघे, अजित आगरकर. आणि सचिन. सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. द्रोणाचार्यांना एकच अर्जुन घडवून एवढं नाव मिळालं होतं, हे लक्षात घेता हा पुरस्कार सरांच्या मानाने जरा लहानच म्हणायचा.

सचिनला सरांकडे आणलं ते मोठ्या भावाने, अजितने. पोरगं अकरा वर्षांचं. पहिल्या दिवशी सर समोर उभे, म्हणून धड खेळता येईना. मग अजितने विनंती केली की सर, तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर लांब गेले, झाडाआडून बघितलं आणि पोरगं घेतलं. झाडाआडून बघण्याची ती सवय पुढे सरांना कायमची लागली आणि मुलांना शिवाजी पार्कच्या प्रत्येक झाडाचा धसका बसला.

मग सरांनी सांगितलं की पोराची शाळा बदला. वांद्र्याच्या शाळेत क्रिकेट नाही, शारदाश्रममध्ये घाला. हे कोणाला सांगितलं, तर साहित्य सहवासात राहणाऱ्या, कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापक कवी वडिलांना. साल १९८४ च्या आसपासचं. त्या काळी मध्यमवर्गीय मराठी घरात, चांगली चाललेली शाळा खेळासाठी बदला असं सांगणाऱ्या माणसाला चहासुद्धा अर्धाच मिळाला असता. पण रमेश तेंडुलकरांनी ऐकलं. पोरगं ३१५ नंबरच्या बसने वांद्र्याहून शिवाजी पार्कला ये-जा करू लागलं आणि पुढे ती दगदग नको म्हणून पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला गेलं. महाराष्ट्राने रमेश तेंडुलकरांच्या कवितांवर जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोललेलं नाही हे खरं, पण या एका होकारावर एखादा परिसंवाद व्हायला हरकत नाही.

पहिल्याच उन्हाळी सुट्टीत ६० दिवसांत ५५ सराव सामने. एक सामना संपला, की सर पोराला स्कूटरवर घालून दुसऱ्या मैदानावर नेत. आउट झालास? बस मागे. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या, एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगच्या मांडीवर बसलेला, कुणाचा चेंडू कुणाच्या सीमेपार चाललाय याचा पत्ता नाही. त्या गर्दीत सर संघाच्या कप्तानाला गाठून सांगत की हा चौथ्या नंबरला येईल. चौथा नंबर कायम. आजकाल क्लासवाले मुलांची ने-आण करायला एसी बस ठेवतात आणि तिचे पैसे वेगळे घेतात. सरांच्या स्कूटरला सीट एक, फी नाही आणि तक्रार करायची सोय नाही.

दिवस मावळायला आला की मुख्य कार्यक्रम. सर मधल्या स्टंपावर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. मैदानावर जेवढी पोरं असतील तेवढी सगळी क्षेत्ररक्षणाला. पन्नास म्हणू नका, साठ म्हणू नका. अंपायरला उभं राहायला जागा नाही अशी फील्डिंग. चेंडू जरा जरी उचलला की झेल ठरलेला, म्हणून तो जमिनीलगत, साठ जोड्या पायांमधून काढायचा. ज्याने सचिनला बाद केलं त्याचा रुपया. शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचा. असे १३ रुपये त्याने जमवले आणि आजही जपून ठेवले आहेत. पुढे या माणसाने किती कमावलं याचे हिशोब अर्थविषयक मासिकांनी छापलेत. पण बँकेच्या नजरेने पाहता सरांची ही गुंतवणूक कुठल्याही म्युच्युअल फंडाने लाजेने मान खाली घालावी अशी आहे. एकूण भांडवल रुपये तेरा. तेवढ्यात आज दादरला एक वडापाव येत नाही.

वडापावचं निघालं म्हणून सांगतो. कौतुक हे तोंडाने करायचं नसतं, पण पोटाला द्यायला काही हरकत नाही, असा सरांचा हिशोब असावा. कुणी बरं खेळलं की वडापावला पैसे द्यायचे. अगदीच दिवाळी असली तर घरी जेवण, आणि सरांच्या घरी म्हणजे मटणाचा रस्सा, पाव, लिंबू आणि कांदा. हे सचिननेच मागे शिवाजी पार्कावर भर सभेत सांगितलं. तीस वर्षांपूर्वीच्या शतकांपेक्षा तो कांदा त्याला जास्त स्पष्ट आठवत होता. मालवणी माणूस रश्श्याच्या वाटीतून जे बोलतो ते तोंडाने कधीच बोलत नाही. पण हे समजायला पोरांना पन्नाशी गाठावी लागली.

बाकी वेळी चिठ्ठी. सामना चालू असताना सर कुठेतरी आडोशाला उभे राहून कागदाच्या चिटोऱ्यावर चुका टिपत. एकदा विनोद कांबळी सचिनबरोबर फलंदाजी करत होता. तेवढ्यात एक पतंग मैदानावर आला. मुंबईच्या पोराला पतंग दिसला की बॅट हातात राहते का? त्याने ती ठेवली आणि पतंग धरून उडवायला घेतला. समोरचे गोलंदाज थांबले असणार. मुंबईत पतंगाला अडवणं कुणाच्याच नियमात बसत नाही. संध्याकाळी चिठ्ठी उघडली. त्यात पतंग होता.

सरावाचा शेवट म्हणजे पॅड आणि ग्लोव्हज घालून शिवाजी पार्काला धावत दोन फेऱ्या. शिवाजी पार्काचा कट्टा ही मुंबईतली सर्वांत मोठी परीक्षक मंडळी. संध्याकाळी तिथे बसलेले निवृत्त लोक भारतीय संघाची निवड करत असतात. त्यांच्यासमोरून पॅड घालून धावायचं म्हणजे शिक्षा आपोआप पदरात. पहिल्या फेरीला कट्टा विचारणार ‘काय रे, काय केलंस?’, दुसऱ्या फेरीला सल्ला देणार.

सरांच्या हिशोबातल्या कडकपणाचा एक नमुना तर लाजवाब आहे. सचिनने सुरुवातीच्या एका सामन्यात २४ धावा केल्या. वर्तमानपत्रात नाव यायला ३० लागायच्या. स्कोअररला दया आली, म्हणून त्याने अवांतरमधल्या सहा धावा उचलून याच्या नावावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव. पोरगं खूश. सर मात्र खवळले. जी धाव केली नाही ती घ्यायची नाही. शेवटी बँकेतलाच माणूस. खात्यात चुकून सहा रुपये जास्त जमा झाले म्हणून ग्राहकाने पेढे वाटायचे नसतात.

आणि ती प्रसिद्ध थप्पड. सरांनी एका सराव सामन्यात सचिनचा चौथा नंबर ठरवून ठेवलेला. हा पठ्ठ्या तो सामना सोडून वानखेडेवर गेला, शाळेच्या सीनियर संघाचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना बघायला. टाळ्या वाजवायला. तिथे सर भेटले. आजचा सामना कसा झाला, असं त्यांनी विचारलं. याने सांगितलं की तो सोडून आलोय, आपल्या टीमला चिअर करायला. पुढचा आवाज थपडेचा. हातातला डबा उडाला आणि त्यातलं जेवण वानखेडेवर पांगलं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ, असा सरांच्या बोलण्याचा आशय होता.

ही गोष्ट आजच्या पालकांना सांगायची पंचाईत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला सक्त मनाई आहे, आणि ते योग्यच झालं. शिवाय आपल्याकडे ही थप्पड सांगताना लोक एक गडबड करतात. थप्पड खाल्ली म्हणून सचिन घडला असं मानलं तर हिशोब जुळत नाही, कारण त्याच काळात महाराष्ट्रात थपडा खाल्लेली लाखो मुलं होती आणि त्यातले बहुतेक पुढे महसूल खात्यात लागले. रुपया मिळाला, स्कूटर मिळाली, पार्काच्या फेऱ्या मिळाल्या, तरी गणित सगळ्यांचं सारखं सुटत नाही. विनोदने १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत द्विशतकं ठोकली आणि १७ कसोटींवर त्याचा हिशोब बंद झाला. सरासरी ५४ च्या वर. आजही मी तो आकडा पाहिला की कुणावर चिडायचं तेच कळत नाही.

आता फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रम २ बाद ८४ असताना विनोद आणि सचिन एकत्र आले आणि ६६४ धावांची भागी करून बसले. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. झेवियर्सच्या गोलंदाजांत सायराज बहुतुले होता, पुढे भारताकडून खेळला. इतक्या लहान वयात एवढा मार खाऊनही गोलंदाज व्हायची इच्छा टिकते, हे झेवियर्सच्या प्रशिक्षकांचं मोठंच यश मानायला हवं. गंमत अशी, की डाव घोषित करा असं सरांनी आधीच कळवलं होतं. सहायक प्रशिक्षक सीमेवरून हातवारे करून थकले. पण दोघांना एकदम सीमेकडे दिसेनासं झालं. चेंडू दिसतोय, पतंग दिसतो, सहायक प्रशिक्षक तेवढे दिसत नाहीत. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लागला. विनोदने विनवणी केली, एकच धाव, साडेतीनशे होतील. सरांनी घोषित करायला लावलं. ७४८ वर डाव बंद, विनोद ३४९ वर. मग राग काढायला त्याने ३७ धावांत ६ बळी घेतले, आणि समोरचा संघ १४५ वर आटोपला. एवढ्या सगळ्यावर सर निर्विकार. ६६४ वर ‘हं’ सुद्धा नाही.

सरांचा हा हट्ट इतका टिकला, की २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनला तो विषय काढावा लागला. शंभर आंतरराष्ट्रीय शतकं झाली होती, २०० कसोटी झाल्या होत्या, अख्खा देश रडत होता आणि हा चाळिशीचा माणूस माइकवरून सांगत होता की २९ वर्षांत सर मला एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत. मी शेफारेन म्हणून. आता म्हणायला हरकत नाही, सर, कारण यापुढे माझा सामनाच नाही. त्याच दिवशी भारतरत्न जाहीर झालं. मग मात्र सरांनी ‘वेल डन’ म्हटलं, असं त्यानेच दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितलं. म्हणजे कमाल बघा. शाबासकीसाठी किमान पात्रता काय, तर भारतरत्न. त्याखालच्या अर्जांचा विचार केला जाणार नाही.

सर २ जानेवारी २०१९ ला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं. भाषणं झाली. सरांचं एवढं कौतुक एकाच संध्याकाळी झालं, की ते असते तर स्कूटरला किक मारून निघून गेले असते.

त्या ६६४ च्या वेळी शारदाश्रमचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. अमोल मुजुमदार, वय तेरा. दोन दिवस पॅड बांधून बसला आणि त्याचा नंबर आलाच नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, तरी भारताकडून त्याचा नंबर लागला नाही तो नाहीच. पॅड बांधून बसायची एवढी प्रदीर्घ तालीम दुसऱ्या कुणाची झाली नसेल. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता हाच अमोल. कर्णधार हरमनप्रीत मैदानातच त्याच्या पाया पडली. टीव्हीसमोर माझ्यासकट सगळी मंडळी नाक ओढत होती. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की स्टेडियमच्या आसपास एखादं झाड असेल, तर त्याच्याआड कुणीतरी चिटोऱ्यावर लिहीत असणार: दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शतक करून गेली ते ठीक, पण तिचा झेल अमनजोतच्या हातून दोनदा उडाला. पार्काला दोन फेऱ्या, पॅडसकट.